रणजीचे दोन तुकडे आणि कसोटीची पूर्वतयारी

१६ नोव्हेंबर २०२५. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी जिंकायला १२४ धावा हव्या होत्या. संघ ९३ धावांत गारद झाला. पुढे गुवाहाटीत ४०८ धावांनी पराभव झाला. धावांच्या हिशेबात भारताचा हा आजवरचा सर्वांत मोठा पराभव. मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून मालिका गमावण्याची वेळ २००० नंतर प्रथमच आली. त्याआधी वर्षभरच झाले होते, न्यूझीलंडने आपल्याला घरात येऊन ३-० असे धुतले होते आणि २०१२-१३ पासून सलग १८ मालिका जिंकण्याचा विक्रम तिथेच संपला होता.

ईडनच्या पराभवानंतर वाद सुरू झाला तो खेळपट्टीवरून. प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी खेळपट्टी आम्हाला हवी होती तशीच मिळाली असे सांगून टाकले. समालोचकांनी फलंदाजांच्या तंत्राची चिरफाड केली. कोणी निवड समितीला झोडपले, कोणी प्रशिक्षकाला. पण वेळापत्रकाचा कागद फारच थोड्यांनी उघडून पाहिला. तो उघडला की पहिली गोष्ट दिसते ती अशी. ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची टी-ट्वेंटी मालिका संपली आणि १४ नोव्हेंबरला कोलकात्यात कसोटी सुरू झाली. कर्णधार शुभमन गिलसह काही प्रमुख खेळाडू ऑस्ट्रेलियातून उतरले ते थेट कसोटीत उभे राहिले. त्याच्याही दीड महिना आधी काय झाले होते? २८ सप्टेंबरला दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना आणि २ ऑक्टोबरला अहमदाबादेत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी! मध्ये जेमतेम तीन दिवस. समोर दुबळा संघ होता म्हणून ती कसोटी आपण डावाने जिंकलो आणि प्रश्न झाकला गेला, एवढेच.

आता पाहुण्यांकडे पाहू. दक्षिण आफ्रिकेचा संघ त्याआधी पाकिस्तानात फिरकीच्या खेळपट्ट्यांवर दोन कसोटी खेळून आला होता. कर्णधार टेम्बा बवुमा दुखापतीमुळे त्या मालिकेत नव्हता. मग त्याने काय केले? दक्षिण आफ्रिका 'अ' संघातून तो बंगळुरूला आला आणि भारत 'अ' विरुद्ध चार दिवसांचा सामना खेळला. पहिल्या डावात शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात ५९ धावा केल्या आणि त्याच्या संघाने ४१७ धावांचे लक्ष्य गाठले. आठवडाभराने ईडनवर, जिथे दोन्ही संघांच्या दुसऱ्या कोणालाही अर्धशतक करता आले नाही, तिथे त्याने नाबाद ५५ धावा केल्या. केपटाऊनजवळ काळ्या लोकांना वेगळे ठेवण्यासाठी वसवलेल्या लांगा वस्तीत वाढलेला हा लहान चणीचा माणूस. 'कोट्यातला खेळाडू' म्हणून ज्याला हिणवले गेले, त्या कर्णधाराला 'अ' संघाच्या सामन्यात उतरायला कमीपणा वाटला नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बंगळुरूच्या त्याच सामन्यात आपलेही कसोटीतले अनेक खेळाडू होते. ध्रुव जुरेलने तर दोन्ही डावांत शतके ठोकली आणि ईडनवर मात्र तो दोन्ही डावांत स्वस्तात बाद झाला. म्हणजे सराव सामना खेळला की धावा झाल्याच, असे समीकरण मांडता येत नाही. बंगळुरूची खेळपट्टी एक आणि ईडनची दुसरी. तयारी कशासाठी करायची आहे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरवायला वेळ लागतो, आणि वेळच तर कोणाकडे नाही.

ज्या सायमन हार्मरने त्या मालिकेत १७ बळी घेतले त्याची कथाही याच मुद्द्याची आहे. २०१५ मध्ये हाच हार्मर भारतात आला होता, मोहाली आणि नागपूरच्या कसोटीत खेळला आणि नंतर त्याची संघातली जागा गेली. मग तो इंग्लंडमध्ये एसेक्सकडून वर्षानुवर्षे कौंटी क्रिकेट खेळला. भारतात येण्याच्या आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये रावळपिंडीत त्याने प्रथम श्रेणीतला हजारावा बळी घेतला होता. हजार बळी हे नेटमध्ये मिळत नाहीत. ते थंडीत, रिकाम्या मैदानात, कोणी पाहत नसताना, चौथ्या दिवशी दुखऱ्या बोटांनी मिळवावे लागतात. देशांतर्गत क्रिकेटचा अर्थ एवढाच आहे.

आपल्याकडे या देशांतर्गत क्रिकेटचे काय केले आहे ते पाहा. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातही ती थांबली नव्हती. ती थांबली २०२०-२१ मध्ये, कोरोनाच्या काळात. त्याच काळात आयपीएल मात्र संयुक्त अरब अमिरातीत नेऊन खेळवली गेली. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या जवळजवळ दोन वर्षांत देशात रणजीचा एक चेंडू पडला नाही. २०२१-२२ ची रणजी झाली तीही मध्ये आयपीएलला वाट करून देऊन. साखळी सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि बाद फेरी जूनमध्ये! बंगळुरूत ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मध्य प्रदेशने मुंबईला हरवून आपला पहिला करंडक उचलला. तेव्हा सगळ्यांनी हा अपवाद आहे असे म्हटले. आता २०२४-२५ पासून दोन तुकड्यांतली रणजी हाच नियम झाला आहे.

२०२४-२५ चे वेळापत्रक नीट वाचा. ११ ऑक्टोबरला रणजी सुरू. पाच फेऱ्या खेळून नोव्हेंबरच्या मध्यावर थांबली. मग सय्यद मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धा, ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मग विजय हजारे एकदिवसीय स्पर्धा, ती १८ जानेवारीपर्यंत. आणि २३ जानेवारीला पुन्हा रणजीची उरलेली साखळी, बाद फेरी आणि मार्चच्या सुरुवातीला नागपुरात अंतिम सामना. २०२५-२६ मध्येही हाच साचा वापरला गेला. चार दिवस चेंडू सोडायला शिकलेल्या फलंदाजाने दोन महिने प्रत्येक चेंडू सीमेपार मारायचा आणि पाच दिवसांत पुन्हा चेंडू सोडायला लागायचे. गोलंदाजाचे तर विचारूच नका. ज्याने दिवसाला वीस षटके टाकायची त्याचे शरीर दोन महिने चार षटकांवर ठेवायचे आणि मग एकदम वीस मागायची. शेतातल्या बैलालाही कोणी असे जुंपत नाही.

ही वाटणी करण्यामागे कारण नव्हते असे मात्र नाही. २०२३-२४ ची रणजी ५ जानेवारी ते १४ मार्च अशी खेळवली गेली. दहा आठवड्यांत अंतिम संघांनी दहा सामने खेळले आणि दोन सामन्यांमध्ये विश्रांती तीन दिवसांची, त्यातच एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवास. उपांत्य सामन्यात शतक ठोकल्यावर शार्दूल ठाकूरने उघडपणे सांगितले की असे आणखी दोन हंगाम चालले तर देशभर खेळाडू जायबंदी होतील. पालघरहून लोकलने किट उचलून मैदानावर येणाऱ्या या मुलाने स्पष्ट बोलण्याचे धाडस केले, त्याचे कौतुक केलेच पाहिजे. शिवाय उत्तरेतले धुके आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, मोहाली, लखनौ, कानपूर येथे दुपारपर्यंत चेंडू दिसत नाही. धुरके तर त्याहून वाईट. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीत बंगाल विरुद्ध गुजरात सामना एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला होता. पावसाळाही आता दसऱ्यापर्यंत रेंगाळतो. २०२४ ची इराणी चषकाची लढत मुंबईहून लखनौला हलवावी लागली ती पावसामुळेच.

तेव्हा विश्रांतीचे दिवस वाढवले हे चांगले झाले. धुक्याचे दिवस टाळले हेही ठीक. पण भारत म्हणजे दिल्ली नव्हे. नागपूर, राजकोट, सुरत, इंदूर, हैदराबाद, चेन्नई, तिरुवनंतपुरम, मुंबई, पुणे, सोलापूर या शहरांत डिसेंबर हाच क्रिकेटचा सर्वांत उत्तम महिना आहे. त्या काळात उत्तरेच्या संघांना दक्षिणेत आणि पश्चिमेत खेळवता आले असते. २०१६-१७ चा सगळा हंगाम त्रयस्थ मैदानांवर खेळवण्याचा प्रयोग मंडळाने करून पाहिला होताच. तो फसला, कारण कोणाचेच घर नसलेल्या सामन्याला कोणीच प्रेक्षक आले नाहीत. पण दोन-तीन फेऱ्यांपुरता तो उपाय चालला असता. ते केले नाही. कारण डिसेंबरची जागा दुसऱ्या कोणासाठी तरी राखून ठेवायची होती. आयपीएलचा लिलाव हिवाळ्यात होतो, आणि मुश्ताक अली स्पर्धा त्या सुमारास झाली म्हणजे फ्रँचायझींच्या माणसांना माल पाहायला मिळतो. 'माल' हा शब्द कोणाला खटकेल. लिलाव हा शब्द खटकत नसेल तर तोही खटकू नये.

आयपीएलबद्दल इथे सरसकट विरोधाचा सूर लावायचा नाही. खेड्यापाड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या मुलांना तिने जे पैसे मिळवून दिले ते कोणत्याही राज्य संघटनेने कधी दिले नसते. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज याला २०१६-१७ च्या रणजीत ४१ बळी मिळाले आणि त्यानंतर आयपीएलने त्याच्या घराचे दिवस पालटले. पण त्या ४१ बळींचा रणजीचा हंगाम आधी झाला होता, हे विसरून कसे चालेल? २०२५ मध्ये इंग्लंडच्या पाचही कसोटींत १८५ षटकांहून अधिक गोलंदाजी करणारा आणि २३ बळी घेणारा सिराज हा चार षटकांच्या शाळेत तयार झालेला नाही.

प्रश्न आयपीएल असावी की नसावी हा नाहीच. तिच्यासाठी बाकी सगळ्यांनी किती सरकायचे, हा आहे. २००८ मध्ये ती ४४ दिवसांत आटोपली होती. २०२२ पासून दहा संघ आणि ७४ सामने झाले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा ज्याच्यामागे उभा आहे त्याच्या तारखा हलत नाहीत, बाकीच्यांच्या हलतात. २०२३ मध्ये आयपीएलचा अंतिम सामना पावसामुळे ३० मेच्या पहाटेपर्यंत रंगला आणि ७ जूनला ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत सुरू झाली. दोन वर्षे खेळून मिळवलेली लढत आणि तिच्या तयारीला आठवडा! ऑस्ट्रेलियाने २०९ धावांनी हरवले.

दोन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, त्याच अजिंक्यपदाच्या लढतीत दक्षिण आफ्रिका होती. भारत-पाकिस्तान संघर्षामुळे त्या वर्षीची आयपीएल आठवडाभर थांबली आणि ३ जूनपर्यंत लांबली. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने मात्र आपले खेळाडू आधी ठरल्याप्रमाणे मे अखेरीस परत हवेत अशी भूमिका घेतली. रबाडा, यान्सन, रिकल्टन, एन्गिडी यांनी बाद फेरी सुरू होण्याआधीच आपापले संघ सोडले. इंग्लंडमधल्या अरुंडेलला झिम्बाब्वेविरुद्ध सराव सामना खेळले. ऑस्ट्रेलियाचा हेझलवूड ३ जूनला अहमदाबादेत आयपीएलची अंतिम लढत खेळून मग लॉर्ड्सला पोहोचला. निकाल सर्वांना ठाऊक आहे. रबाडाने सामन्यात ९ बळी घेतले, मार्करमने १३६ धावा केल्या, दुखऱ्या पायाने धावणाऱ्या बवुमाने ६६ धावा काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेने पाच गडी राखून विजेतेपद पटकावले. ज्या मंडळाकडे आपल्या तुलनेत पैसा नाही, त्याने आपल्या खेळाडूंसाठी आयपीएलपुढे मान तुकवली नाही. ती स्पर्धा ज्यांच्या मालकीची आहे, ते आपले मंडळ स्वतःच्याच संघासाठी आठवडाभराची उसंत मागू शकत नाही!

आता २०२४ चा न्यूझीलंडचा धडा. त्या सप्टेंबरमध्ये दुलीप करंडक होता. बाकी बहुतेक कसोटीपटू खेळले, रोहित शर्मा, विराट कोहली, अश्विन आणि बुमराह यांना सूट मिळाली. १ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्धची कानपूर कसोटी संपली. रोहित आणि विराट जूनमध्येच आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतून निवृत्त झाले होते, म्हणजे त्यानंतरच्या टी-ट्वेंटी मालिकेत ते नव्हते. १६ ऑक्टोबरपर्यंत दोघे मोकळे. रणजीची पहिली फेरी ११ ऑक्टोबरला सुरू होऊन १४ ला संपणार होती, त्यामुळे तिथे खेळणेही अवघड. हीच फेरी पाच दिवस अलीकडे घेतली असती तर? त्याच पंधरवड्यात सर्फराज खानला मात्र कसोटी संघातून मोकळे करून इराणी चषकासाठी लखनौला पाठवले होते. तिथे त्याने नाबाद २२२ धावा केल्या. बंगळुरूत भारत ४६ धावांत आटोपला तेव्हा तोही शून्यावर बाद झाला. पण दुसऱ्या डावात १५० धावा ठोकून सामन्यात जीव आणला तो यानेच. पुण्यात गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले, वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग करताना आपण १२१ वर संपलो. तीन कसोटींच्या सहा डावांत रोहितच्या ९१ धावा, विराटच्या ९३.

यावर उपाय काय केला? ऑस्ट्रेलियातही १-३ असा पराभव झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने दहा कलमी फर्मान काढले. देशांतर्गत क्रिकेट खेळणे बंधनकारक! रोहित दहा वर्षांनी रणजी खेळला. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध त्याने ३ आणि २८ धावा केल्या आणि तारे-तारकांनी भरलेल्या मुंबईला काश्मिरी मुलांनी पाच गडी राखून हरवले. विराट बारा वर्षांहून अधिक काळाने दिल्लीकडून उतरला, हजारोंची गर्दी जमली आणि रेल्वेच्या हिमांशू सांगवानने ६ धावांवर त्याची यष्टी उखडली. छान. पण विचार करा, पुढची कसोटी कधी होती? २० जूनला, हेडिंग्लेला. फेब्रुवारीत चॅम्पियन्स करंडक एकदिवसीय सामन्यांचा, नंतर दोन महिने आयपीएल. म्हणजे लाल चेंडूचा सराव करायला लावला तो अशा वेळी की ज्याच्यापुढे पाच महिने लाल चेंडूच नव्हता. आणि मे महिन्यात दोघेही कसोटीतून निवृत्त झाले. ऑक्टोबरमध्ये जे औषध हवे होते ते जानेवारीत पाजले, आणि त्याला शिस्त असे नाव दिले.

याउलट जिथे वेळेवर तयारी झाली तिथे फरक दिसला आहे. के. एल. राहुल २०२५ मध्ये संघाच्या आधी इंग्लंडला गेला, नॉर्दम्प्टनला भारत 'अ' कडून ११६ धावा केल्या आणि नंतर मालिकेत ५३२ धावा जमवल्या. नितीशकुमार रेड्डी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात 'अ' संघाचे दोन्ही सामने खेळला आणि पुढे मेलबर्न कसोटीत त्याने शतक केले. २०२४ च्या सुरुवातीला इंग्लंडविरुद्ध हैदराबादची कसोटी गमावल्यावरही आपण मालिका ४-१ ने जिंकली. विराट त्या मालिकेत नव्हताच. सर्फराज, जुरेल, आकाश दीप, पडिक्कल ही रणजीच्या चालू हंगामातून ताजी आलेली मुले होती. त्यांना तंत्र शोधत बसावे लागले नाही. करुण नायरचे उदाहरण उलट बाजूचे. २०२४-२५ मध्ये त्याने विदर्भाकडून रणजीत ८६३ धावा केल्या, कँटरबरीत 'अ' संघाकडून द्विशतक केले, पण कसोटीत आठ डावांत एकच अर्धशतक. क्रिकेट असेच आहे. मात्र आठ वर्षांनी परत बोलावलेल्या खेळाडूकडून चार सामन्यांत सगळे मागायचे आणि नाही मिळाले की दार लावून घ्यायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

दाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. रणजी खेळा म्हणून उपदेश करणाऱ्यांनी रणजीला काय किंमत दिली? सर्फराजने २०१९-२० मध्ये ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. त्याला कसोटी मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात चर्चा चालली ती त्याच्या वजनाची. जलज सक्सेनाने रणजीत ६,००० धावा आणि ४०० बळी असा पराक्रम केला, जो त्याच्याआधी कोणीच केला नव्हता. मध्य प्रदेश झाले, केरळ झाले, २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळू लागला, पण भारताची टोपी त्याच्या डोक्यावर कधी आली नाही. अमोल मुजुमदारने १९९४ मध्ये पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या आणि त्याला एकही कसोटी मिळाली नाही. याच मुजुमदारच्या मार्गदर्शनाखाली २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. ज्याला दारात उभे ठेवले त्यानेच घराला तोरण बांधले.

पैशाचा हिशेब त्याहून बोलका आहे. २०२१ च्या सुधारणेनुसार चाळीसपेक्षा जास्त प्रथम श्रेणी सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याखालच्यांना ४० हजार असे मानधन ठरले. राखीव खेळाडूंना त्याच्या निम्मे. नवख्या मुलाने साखळीतले सातही सामने पूर्ण चार दिवस खेळले तर २८ दिवसांचे ११ लाख २० हजार रुपये होतात. बाहेरून ही रक्कम मोठी दिसते. पण मांडीचा स्नायू दुखावला आणि चार सामने हुकले की ती पाच लाखांच्याही खाली येते. पुढच्या वर्षी निवड होईलच याची हमी नाही, आणि तिशी ओलांडली की संपले. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, तेल कंपन्या यांच्या खेळाडू भरतीवर एकेकाळी अशी कितीतरी घरे उभी राहिली. मुंबईत टाइम्स ढालीत खेळणाऱ्या कचेऱ्यांच्या संघांनी चाळीतल्या मुलांना बॅटीबरोबर महिन्याचा पगार दिला. त्या जागा आटल्या. कोरोनाच्या वर्षी रणजीच झाली नाही तेव्हा या मुलांचे मानधनही गेले, आणि मंडळाने भरपाई म्हणून निम्मे मानधन जाहीर केले ते सप्टेंबर २०२१ मध्ये. मार्च २०२४ मध्ये कसोटीपटूंसाठी प्रोत्साहन योजना आली. हंगामातल्या पाऊणहून अधिक कसोटी खेळणाऱ्याला पंधरा लाखांच्या मानधनावर सामन्यामागे आणखी ४५ लाख. कसोटी क्रिकेट वाचवण्यासाठी हे चांगलेच पाऊल. पण झाडाच्या शेंड्याला पाणी घातले आणि मुळाशी ओलावा नाही, अशी ही योजना आहे. रणजीच्या मुलासाठी अशी वार्षिक कराराची सोय का नको?

तयारी म्हणजे नेटमध्ये तासन्‌तास चेंडू मारणे, असा एक समज अलीकडे फार पसरला आहे. मोठ्या खेळाडूंसाठी स्थानिक गोलंदाज बोलावले जातात, ते उन्हात राबतात आणि त्यांचे नाव कुठे छापून येत नाही. पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी पळवणकर बाळू असेच एका गोऱ्या कॅप्टनला, ग्रेगला, रोज तासन्‌तास गोलंदाजी करत. प्रत्येक वेळी बाद केल्यावर आठ आणे मिळत असे सांगितले जाते. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला नव्हती. त्या मजुरीतून बाळूंनी आपली डावखुरी फिरकी घडवली हे खरे, पण ते मोठे झाले ते सामने खेळायला मिळाले म्हणून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. महिनोन्‌महिने एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन सामने खेळायचे, असा तो दौरा होता. १९३२ च्या दौऱ्यात भारतीय संघ एका कसोटीसाठी गेला आणि एकूण ३७ सामने खेळला! ते दिवस परत येणार नाहीत आणि यायची गरजही नाही. पण ३७ वरून शून्यावर येणे ही प्रगती म्हणायची का? नेटमध्ये बाद झालेला फलंदाज पुन्हा उभा राहतो. सामन्यात बाद झालेला तंबूत जाऊन विचार करतो. फरक तिथे आहे.

इंग्लंडनेही हे भोगले. २०२५ च्या अॅशेससाठी त्यांनी पर्थजवळ लिलॅक हिलला आपल्याच राखीव संघाबरोबर एक सामना खेळला आणि तेवढ्या तयारीवर मैदानात उतरले. पर्थची कसोटी दोन दिवसांत हरले, अॅशेस खेळाच्या अकरा दिवसांत गेली. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंसाठी मात्र पहिल्या कसोटीआधी शेफिल्ड शील्डच्या फेऱ्या मांडून ठेवल्या होत्या. लाबुशेनसारख्या संघातून काढलेल्या फलंदाजाने तिथे शतके करून आपली जागा परत मिळवली. त्यांच्याकडे शील्डच्या फेऱ्या कसोटीच्या आधी येतात, आपल्याकडे कसोटी चालू असताना किंवा संपल्यावर. हा काही दैवाचा भाग नाही. कोणीतरी बसून लिहिलेले वेळापत्रक आहे.

मुलींच्या बाबतीत तर लिहायलाही वेळापत्रक नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी नवी मुंबईत इंग्लंडला ३४७ धावांनी आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला आठ गडी राखून हरवले. तेव्हा देशात महिलांसाठी लाल चेंडूची स्थानिक स्पर्धाच चालू नव्हती. ती पुन्हा सुरू झाली मार्च २०२४ मध्ये, पुण्यात, विभागीय संघांमध्ये. पराक्रम आधी आणि शाळा नंतर!

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला पैशाची अडचण नाही. मायदेशातल्या प्रत्येक कसोटी मालिकेच्या आधी रणजीच्या किमान दोन फेऱ्या अशा ठेवाव्यात की त्या काळात भारताचा पांढऱ्या चेंडूचा एकही सामना नसेल. कसोटीपटूने त्यातली एक खेळलीच पाहिजे. सूट द्यायची तर ती वैद्यकीय कारणाने, नावाकडे पाहून नव्हे. मुश्ताक अली स्पर्धा मार्चमध्ये आयपीएलच्या अगदी तोंडावर न्यावी. लिलाव मागच्या हंगामाच्या कामगिरीवर होऊ द्या, फ्रँचायझींचे नुकसान होणार नाही. रणजी डिसेंबरात अखंड चालू ठेवावी, धुक्याच्या फेऱ्या विंध्याच्या खाली खेळवाव्यात. परदेश दौऱ्यात पहिल्या कसोटीआधी एक तरी खरा सामना, यजमान देशाच्या संघाशी, मंडळाने करारातच लिहून घ्यावा. भारतीय संघाच्या दौऱ्यावर ज्यांची तिजोरी भरते ते देश एवढी अट नाकारणार नाहीत.

आणि अंतिम अकरा निवडताना रणजीच्या धावा आणि बळी समोर ठेवावेत. जळगाव, अमरावती, परभणी किंवा चंद्रपूरच्या एखाद्या मुलाने ऑक्टोबरात पाच सामन्यांत चारशे-पाचशे धावा केल्या तर नोव्हेंबरच्या कसोटीसाठी त्याच्या नावाची चर्चा तरी होईल की नाही, हे त्याला पहिल्या फेरीच्या आधी माहीत असले पाहिजे. आज पाच फेऱ्या झाल्यावर तो किट गुंडाळतो, टी-ट्वेंटीचा संघ जाहीर होतो, त्यात त्याचे नाव नसते, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला जिल्हा संघटनेच्या सिमेंटच्या खेळपट्टीवर स्वतःच सराव करत बसावे लागते.